टेबलावरची चिंच

साडी घडी करून पिशवीत ठेवली, अण्णा, आणि पुन्हा बाहेर काढली. धाकट्याने ती आधीच पाठवून दिली आहे. उद्या सकाळी तालुक्याच्या कचेरीत तुमच्या मागे राहिलेल्या कोल्हारच्या जमिनीवरचा माझा हक्क सोडायचा आणि ही साडी नेसून माहेरी जेवायला जायचं, असं ठरलं आहे. ठरवताना मला कुणी विचारलं नाही. दुपारी तो फोनवर म्हणाला, "ताई, आत्यानं एक शब्द तरी काढला हुता का? तू तर इंग्रजीची बाई. सही मराठीत केलीस तरी चालंल." तो हसला. मीही हसले. तेव्हापासून शेवगावच्या या दोन खोल्यांत मला एका जागी बसवत नाही.

मी सातवीत आहे, तुम्ही आमचे इंग्रजीचे सर. टेबलावर पोरांच्या वस्तू मांडता: कंपास, डबा, कुणाची तरी चप्पल. 'हूज इज धिस?' ज्याची वस्तू त्याने उभं राहून 'माइन' म्हणायचं. तुम्ही तुमचं पेन उचलून माझ्याकडे बघता. मी म्हणते, 'अवर्स, सर.' वर्ग हसतो. तुम्ही नाही.

"घरचं घरी. तुझं स्वतःचं काय आहे ते ठेव."

खिशात चिंच होती. ती ठेवली. 'माइन.'

"बरोबर. 'माय'ला पुढं वस्तू लागते. 'माइन' म्हटलं की थांबायचं. पुढं काही जोडायचं नाही."

त्याच दिवाळीत तुम्ही आत्याला त्याच कचेरीत नेलंत. परत आल्यावर ती चुलीपाशी बसली, नवी हिरवी साडी मांडीवर. "मला काय करायची जिमीन? म्हायेर ऱ्हावं, लई झालं." मी तुम्हाला विचारलं, आता आत्याची जमीन कुणाची? ताटातून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "आपली." वर्गात जे उत्तर तुम्ही माझं चूक ठरवलंत, तेच. आत्याने उठून तुम्हाला आणखी एक भाकरी वाढली.

हे पत्र मी कुठं टाकणार? एवढंच सांगते. मला ती जमीन कसायची नाही, विकायचीही नाही. तरी हवी आहे. आणि दिवाळीला भावाने बोलवावं, हेही हवं आहे.

काल रात्री पत्र इथंच थांबवलं होतं. आज सकाळी कारकुनाने पेन पुढं केलं. मी म्हणाले, सही करायची नाही. त्याने कारण विचारलं. मी पुढं काही जोडलं नाही. साडी भावाच्या गाडीत ठेवली. तो ती घेऊन निघून गेला. मी एसटीने परत आले.