एकहाती यंत्राची बेरीज

५ जून

चि. खारुताईस आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनाही दाखवलं; त्यांनाही ओ की ठो कळलं नाही, तेव्हा कुठे मला बरं वाटलं! एवढं उमगलं, की तुमची लायब्ररी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या प्रोग्रामांचा संच. तू मोजणी यंत्राच्या एकाच वेळी राबणाऱ्या पुष्कळ हातांत वाटलीस, पण छोट्या दवाखान्यांतल्या यंत्राला हात एकच. म्हणून वाटणीच्या ओळींना मॅक्रोचं कुंपण घातलंस. वर खुणेचा शब्द असला तर त्या ओळी धरायच्या, नसला तर लिहिल्याच नव्हत्या समजायचं. लिहिलेलं न लिहिलेलं कसं होतं गं? आणि आता एकहाती यंत्र म्हणतं, पेशी शून्य. अगंबाई, मग तो माणूस उठून घरी कसा जातो?

महिनाअखेर सुधारलं नाही तर साहेब तुझं सगळं काम काढून टाकणार, हे वाचून मात्र पुढ्यातलं ताट सारून लिहायला बसले.

आम्ही चौघी जावा शाळेचे सदरे शिवायचो. कुणी बाह्या, कुणी कॉलर, शेवटी जोडणी. एकदा तिघी माहेरी गेल्या. मी म्हटलं, चौघींची कामं बंद, एकटीच शिवते. शाळेचा माणूस आला तर टोपलीत नुसते तुकडे! जोडणी चौघींच्या कामांत धरलेली, तीही बंद केली होती मी. सासूबाई म्हणाल्या, जावा गेल्या, सदरे कुठे गेले? असो, माझं पाल्हाळ. वेळेवर जेव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

११ जून

ती. आजीस सा. नमस्कार.

वाचता वाचता तुझ्या टोपलीपाशी आले आणि पत्र तसंच टाकून यंत्रापुढे बसले. सगळ्या हातांची मोजणी शेवटी एकत्र करणारी ओळ मी कुंपणाच्या आतच ठेवली होती! वाटणीबरोबर बेरीजही वगळली जायची. ती बाहेर काढली. आता खुणेचा शब्द ठेवा की काढा, आकडा तोच. माझं काम टिकलं. चूक कशी सापडली, साहेबांनी विचारलं. आजीच्या सदऱ्यांत, म्हटलं. ते अजून गोंधळलेत.

तुझ्याच लोभातली,
खारुताई

१६ जून

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला! पत्र चार घरी दाखवून आले. मी काय शोधलं ते कुणालाच सांगता आलं नाही; साहेबांना म्हणावं, या, मिळून गोंधळू.

पण एका हातानंही तोच आकडा येतो, तर इतके हात कशाला? मास्तरीणबाई म्हणतात, वेळ वाचतो. वाचू दे बापडा. मग तो जातो कुठे? तुझं ते आधीचं पत्र आलं तब्बल सहा महिन्यांनी, तेही काम अडलं म्हणून.

पुढची चूक जरा लवकर कर, बाई.

वाट बघणारी,
तुझी आजी