लिनेआचा पासपोर्ट

एस्कनाबा, मिशिगन
१२ एप्रिल २००४

ती. आयडेलाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. वॉल्टभाऊजींची पाठ सुधारली हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे खाडीवरचा बर्फ फुटला आणि स्मेल्ट मासे धरायला निम्मं गाव नदीवर उतरलं. आमचा लायल मार्चअखेरीस पुन्हा मालवाहू जहाजावर रुजू झाला. तो राहतो ते माझं तळघर मी दोन दिवस झाडत होते. छत्तीस वर्षांचा घोडा झाला, तरी मोजे सोफ्याखालीच कोंबतो.

आता खरं काय ते लिहिते, कारण कुणाशी तरी बोलल्याशिवाय घास उतरत नाहीये. मंगळवारी गुडघ्याचं मलम आणायला औषधांच्या दुकानात गेले, तर आत कारिना आणि आपली लिनेआ. पोरीला पांढऱ्या पडद्यापुढे बसवलेलं आणि कारिना तिला सांगत होती की हसू नकोस, कानावरचे केस मागे घे. मला पाहिलं मात्र, सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. कसले फोटो म्हणून विचारलं, तर म्हणे शाळेचे. ताई, शाळेच्या फोटोत पोरांना हसू नका असं कोण सांगतं गं? त्या दोघी गेल्यावर फोटोवाल्या मुलीला मी सहज खोदलं. ती म्हणाली, पासपोर्टचे आहेत.

माझ्या आठ वर्षांच्या नातीला पासपोर्ट कशाला? आणि असला तरी खोटं का बोलावं? कारिनाची मावशी फिनलंडला, वासा गावात असते, हे तुला ठाऊक आहेच. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, पण आम्हा दोघींत कधी वाकडं नव्हतं. दर गुरुवारी लिनेआ माझ्याकडे जेवते, माझ्या पायावर पाय टाकून टीव्ही बघते. लायलला तिचा वाढदिवससुद्धा मला आठवण करून द्यावा लागतो. माझ्याकडे उरलंय ते एवढंच, ताई.

तुला काय वाटतं ते लगेच कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
व्हर्ना


ग्रीन बे, विस्कॉन्सिन
१७ एप्रिल २००४

चि. व्हर्ना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि कॉफी तशीच निवून गेली. लायलच्या लग्नाच्या दिवशीच मी तुला म्हटलं होतं की जी मुलगी नवऱ्यापेक्षा मावशीशी जास्त बोलते, तिचा एक पाय कायम उंबऱ्याबाहेर असतो. तेव्हा तू माझ्यावरच डाफरलीस.

मी स्वस्थ बसले नाही. आमच्या पोस्टात जाऊन चौकशी केली. लहान मुलाचा पासपोर्ट आईला एकटीला काढता येत नाही. आई-बाप दोघांनी खिडकीशी उभं राहावं लागतं. ज्याला येता येत नाही त्याने नोटरीसमोर सही करून संमती लिहून द्यायची. आता तूच बघ, लायल कुठे? जहाजावर. आणि त्याचं टपाल कुठे येतं? तुझ्या दारात. पुढचं मी लिहीत नाही, तू काही कुक्कुलं बाळ नाहीस.

आमच्या गल्लीतल्या पेट्रोस्कीबाईंच्या पुतण्याची बायको तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी म्हणून मुलाला घेऊन पोर्तुगालला गेली. आता ते पोर फोनवर आजोबांशी बोलतं ते आजोबांना कळत नाही, आणि आजोबांचं त्याला. सुट्टी म्हणे सुट्टी!

कारिनाच्या घरावर नजर ठेव. जाणारा माणूस आधी जड सामान काढतो. वॉल्ट म्हणतात की मी तुझे कान भरते आहे. भरते. रिकामे ठेवून कुणाचं भलं झालंय?

जिवाला जप.

तुझी,
आयडेला


एस्कनाबा
२९ एप्रिल २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण तुझं जे खरं ठरलं ते कडू जहर. पियानो गेला, ताई. भांडं परत करायच्या निमित्ताने कारिनाकडे गेले, तर भिंतीवर नुसता चौकोनी डाग. म्हणे लिनेआ सराव करत नव्हती. मोठा फ्रीझर अंगणात किमतीची चिठ्ठी लावून उभा. मी म्हटलं, हिवाळ्यात हरणाचं मटण कुठे ठेवशील? तर म्हणते कशी, बघू, हिवाळा लांब आहे.

गुरुवारी लिनेआला विचारलं, उन्हाळ्यात काय करणार गं सोने? तिने मटण-बटाटा भरलेल्या पॅस्टीचा मोठा घास तोंडात कोंबला आणि नुसती मान हलवली. पोरीला पढवलेलं आहे. आठ वर्षांचं लेकरू आजीपासून लपवाछपवी करतंय, हे बघणंच मला जड गेलं.

पोस्टात पासपोर्टच्या खिडकीवर जोआन असते. चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहून गाते. तिला आडून आडून विचारलं. ती म्हणाली की अर्ज आला तर कळवा, असं बाप सरकारला सांगून ठेवू शकतो. मी म्हटलं, आणि आजी? तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, व्हर्ना, अर्जावर आजीसाठी रकानाच नाही.

सोमवारी पाकीट आलं. कारिनाचं अक्षर, लायलचं नाव, आत जाड कागद. मी ते पावाच्या डब्यामागे ठेवलंय. फोडलं नाही आणि पुढेही पाठवलं नाही. रोज सकाळी टोस्ट करताना त्याची कड दिसते आणि मी तिकडे पाठ करते. चुकतेय का मी? कळव.

तुझी घाबरलेली,
व्हर्ना


एस्कनाबा
११ मे २००४

ती. आईंस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्हाला अजून आई म्हणावं की नाही, यावर पहिली ओळ अडली होती. दुसरं काही सुचलं नाही.

चार रस्ते ओलांडून दार वाजवायचं सोडून पत्र लिहिते आहे, कारण समोर आले की तुम्ही जेवायला वाढता आणि माझं बोलायचं राहून जातं. लायलचा परवा डिट्रॉइटहून फोन आला होता. पाकीट मिळालं का विचारलं, तर कसलं पाकीट म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. पण आई, पोस्टात पत्र हरवायला एस्कनाबा एवढं मोठं नाही.

दुकानात मी खोटं बोलले, ते चुकलं. लिनेआला गप्प राहायला सांगितलं, ते त्याहून चुकलं. खरं असं की हॉस्पिटलच्या कचेरीतली माझी नोकरी फेब्रुवारीतच गेली. वासाला मावशी वृद्धाश्रम चालवते, तिला हाताशी माणूस हवं आहे. जून ते ऑगस्ट राहून बघ, म्हणते. परत येणारच, असं लिहून तुम्हाला निर्धास्त करता आलं असतं. पण मला ते माहीत नाही. एकदा खोटं बोलले, पुन्हा बोलणार नाही.

लायल नाही म्हणाला तर मी जाणार नाही. चिडेन, रडेन, पण राहीन. तो बाप आहे, त्याने नाही म्हणावं. तुम्ही त्याच्या वतीने म्हणू नका.

आणि एक. लिनेआने गुरुवारी तुमच्याकडे यावं असं कुठल्या कोर्टाने मला सांगितलं नव्हतं. मीच पाठवत होते. पाठवताना माझ्या मनात काय असायचं, ते तुम्ही तुमच्या मनाला विचारा.

राग असला तरी लोभ तुटू देऊ नये.

तुमची,
कारिना


एस्कनाबा
२४ मे २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू चिडशील हे धरूनच लिहिते. पाकीट लायलला दिलं.

कारिनाचं पत्र मी तीनदा वाचलं. दर वेळी वाटायचं की बाई हुशार आहे, गोड बोलून गळा कापते. पण गुरुवारचं तिने लिहिलंय ते काही केल्या खोटं ठरेना. बुधवारी लायलचं जहाज खनिज भरायला इथल्या धक्क्याला लागलं. मी गाडी काढून गेले. वाटेत ठरवलं होतं की आधी त्याला सगळं समजावायचं, पियानोचं, फ्रीझरचं, तुझ्या पोर्तुगालवालीचंसुद्धा, आणि मग हातात पाकीट द्यायचं. तो सही करत नाही म्हणाला तर मी आडवी येणार नव्हते.

ताई, त्याने काही विचारलंच नाही. गाडीला टेकून कागद वाचला आणि म्हणाला, नोटरी बँकेत बसते ना अजून? मी म्हटलं, अरे, लिनेआ परत आली नाही तर? तो म्हणाला, आई, ती कारिनाजवळ बरी आहे. माझ्याजवळ आहेच कुठे? बँकेत सही केली, नोटरीने शिक्का मारला, आणि मग मला विचारतो, पॅस्टी खायची का. मी गाडीत बसून राहिले. इतके दिवस मी सुनेवर नजर ठेवली आणि पोरगी सोडून देणारा माझ्याच तळघरात झोपत होता.

संमतीचा कागद मीच कारिनाच्या हातात दिला. पाकीट अडवलं होतं हेही सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे. पोस्टात तिघी मिळून गेलो. जोआनने सगळे कागद पाहिले, कारिनाला हात वर करून शपथ घ्यायला लावली. लिनेआनेही मागून हात वर केला. घाईची फी भरलीय, पाच जूनला त्या निघतात. कारिनावर माझा विश्वास बसला असं समजू नकोस. विमान परत उतरेपर्यंत बसणार नाही.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझी,
व्हर्ना


ग्रीन बे
२५ ऑगस्ट २००४

चि. व्हर्ना हिस,
अ. उ. आ.

काल फोनवर तू रडत होतीस म्हणून गप्प राहिले. आता लिहिते. मी सांगितलं होतं. कारिनाने पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं, म्हणजे कारभार आटोपला. वर्षभर म्हणते, मग दोन वर्षं म्हणेल. लायलला म्हणावं, वकील गाठ. आणि तू आता त्या बाईचा फोन उचलू नकोस, चार दिवस तरी तिला कळू दे.

एवढंच लिहिते, नाहीतर तोंडून आणखी काही जाईल. रविवारी आमच्याकडे ये. माशांचा बेत आहे.

तुझी,
आयडेला


एस्कनाबा
८ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी आले नाही, पत्राला उत्तरही दिलं नाही, म्हणून तू फुगली असशील. गडबडीत होते.

लायल वकील करणार नाही. लिनेआ फोनवर खुशीत वाटली, एवढंच म्हणाला. त्या दिवशी मी ताटावरून उठले आणि तडक पोस्टात गेले. जोआनला म्हटलं, आजीसाठी रकाना नाही म्हणतेस ना, मग आजीलाच अर्ज दे. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. तिने जन्मदाखला तपासला, हात वर करायला लावला, आणि वर दिलेलं सगळं खरं आहे ना म्हणून विचारलं. सहासष्ट वर्षांत मला कुणी इतक्या गंभीरपणे काही विचारलं नव्हतं. घाईची जास्तीची फी भरली आणि गेल्या आठवड्यात पासपोर्ट हातात आला. फोटोत मी दरोडेखोर दिसते. असो. एकवीस तारखेला शिकागोहून विमान आहे. भाऊजींना विचार, मला तिथवर सोडतील का. इतकी गाडी माझ्याच्याने हाकवणार नाही. तूही चल. वाटेत हवं तेवढं बोल, मी कान उघडे ठेवीन.

काल कारिनाला फोन केला. येतेय म्हटलं. मागे लिनेआ फिनिश भाषेत काहीतरी ओरडत होती, त्यातलं आजी एवढंच मला कळलं, कारण तेवढं ती आपल्या भाषेत म्हणाली. मग कारिनाने अगदी जपून विचारलं की आई, किती दिवस राहायचा विचार आहे. मी म्हटलं, बघू, हिवाळा लांब आहे. तिने पुन्हा विचारलं, परतीचं तिकीट काढलंय ना? फोनवर नीट ऐकू येत नाही असं सांगून मी फोन ठेवला.

काढलंय की नाही, ते तुलाही लिहीत नाही.

थोरलेपणाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
व्हर्ना