दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, गुलाब धोंडबा मेश्राम, वय एकोणसाठ, मूळ भंडाऱ्याचा, हल्ली सुपेला, भिलाई, हे मृत्युपत्र शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना लिहितो. दबाव आणणारे आयुष्यभर आले. छातीच्या दुखण्याखेरीज कोणाचे चालले नाही.

सरकारच्या कंपनी खात्यात तपासणी अधिकारी होतो, पुढे कंपन्यांची वकिली केली. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा त्याच्या फाटकावर मजुरांच्या गेटसभेत गरजायचो, "मजुराचा विश्वास बुडवणारा देश बुडवतो!"

एक. सुपेल्याचे घर विधवा बहीण अंजनाबाईला.

दोन. कायद्याची पुस्तके आणि काळा कोट पुतणी कमलिनीला. कोट तिच्या मापाचा करून घ्यावा. बाकी पुस्तके विहाराला. ती कुलपात ठेवू नयेत.

तीन. टिकाराम ठेकेदाराला काही नाही. माझा धाकटा भाऊ शेषराव याला त्याने आपल्या घरबांधणी कंपनीत नावापुरता डायरेक्टर केले, मजुरांच्या ठेवी उडवल्या आणि हात वर केले. माझ्या अंत्ययात्रेत त्याला भाषण करू देऊ नये.

चार. शेषराव. त्या कंपनीची तक्रार माझ्याच टेबलावर आली. भावाचे प्रकरण, म्हणून नियमाप्रमाणे मी तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवला. कंपनी बंद झाली, ठपका शेषराववरही आला. शेषराव दारातूनच म्हणाला, "दादा, लोकायचे कागद तू चष्मा लावून वाचतं. माहे वाचाले तुले टाइम नोता? परक्याच्या हवाली केलं मले?"

"अरे, तू भाऊ म्हणूनच..."

"भाऊ म्हणू नोको."

नियम बरोबर होता. आजही तेच म्हणेन. पण भीमजयंतीच्या सभेत पहिल्या रांगेत तो बसायचा, ती रिकामी जागा पाहिली की मी भाषण आवरते घेतो.

त्याला मी काहीच देत नाही. साक्षीदाराला वाटा नाही, हा माझ्या वकिलीचा शिरस्ता, आणि दुसरा साक्षीदार मला तोच हवा. शेजारी बळीराम म्हणाला, "साहेब, गल्लीत माणसं का कमी हायेत? आत्ता एकाले धरून आणतो." मी नको म्हटले. अंजनाबाई चिडली, "माहं घर तू त्याच्या रुसव्यावर टांगून ठेवलं!" तरी माझा निरोप घेऊन तीच दुर्गला त्याच्याकडे गेली आहे.

दुसऱ्या सहीशिवाय हा कागद कायद्याने मृत्युपत्र नाही, हे मला ठाऊक आहे. माझी सही ज्याने पाहिली नाही, त्या साक्षीदारासमोर मी जिवंतपणी ती कबूल केली तरी चालते. हजारोंपुढे बोललो, आता एकालाच एवढे सांगायचे उरले आहे, "शेषराव, ही सही माझी आहे." तेवढ्यासाठी तरी त्याला माझ्यासमोर यावे लागेल.

भिलाई, ८ डिसेंबर १९६६

गुलाब धोंडबा मेश्राम

साक्षीदार पहिला: बळीराम रामटेके, क्रेन ऑपरेटर

साक्षीदार दुसरा: शेषराव धोंडबा मेश्राम
(जागा सोडली आहे. दुसऱ्या कोणी भरू नये.)