बाबांचं राहिलेलं वाक्य

इंद्रवेल्ली,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय हर्षदीपदादा,

जय भीम. आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि शीतलवहिनीही बरे असाल. इथे थंडी चांगलीच पडली आहे, आणि कापसाची वेचणी चालू असल्यानं वर्गात निम्मीच पोरं असतात.

तुझ्या लग्नापासून बाबांचा विषय निघाला की तू फोन ठेवतोस, म्हणून पत्र लिहिते. आधी कॉलेजचंच सांगते.

इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, तुमच्याकडच्या बारावीला, एक जुनी शोकांतिका आहे. मी निवडलेली नाही, अभ्यासक्रमातच आहे. म्हातारा राजा मुलाला राज्याबाहेर काढतो, आणि त्याचं मन वळेपर्यंत मुलगा लढाईत मेलेला असतो. माझ्या पोरांच्या घरी कुठे गोंडी, कुठे मराठी, शाळा तेलुगूत, आणि आता हे इंग्रजी. सारखे दिसणारे शब्द त्यांना फार छळतात. राजाने वारस गमावला असं लिहायचं, तर आमच्या खुशालने राजाने केस गमावले असं लिहिलं. 'heir' आणि 'hair', एका अक्षराचा तर फरक. वर्ग हसला, तोही हसला. त्यानंतर तो शब्द कोणी चुकलं नाही.

राजाचं लांबलचक भाषण वाचायला मात्र कोणी तयार होईना. घरी हे बोलले तर बाबा म्हणाले, मी येतो. तहसीलमध्ये जन्मभर इंग्रजी टपाल वाचलेला माणूस, आणि आवाज तर तुला माहीतच आहे. प्रिन्सिपल हो म्हणाले. सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर येऊन बसले.

राजकन्येचं काम भाग्यलक्ष्मी करते. भावाला परत बोलवा, त्याला स्वीकारा, असं ती बापाला विनवते. तिने 'ॲक्सेप्ट'च्या जागी 'एक्सेप्ट' वाचलं. मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. एक म्हणजे स्वीकारणं, दुसरा म्हणजे वगळून. मग वाक्यं मागितली. पहिला हात बाबांचा. विद्यार्थ्यासारखे उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या घरी सगळे येतात, माझ्या मुलाला वगळून."

पोरांनी ते उतरवून घेतलं. त्यांना काय माहीत! भाषण न वाचताच, घसा बसला म्हणून बाबा निघून गेले. रात्री ताटावरून तसेच उठले. आईने विचारलं, काऊन जेवून नाही राह्यले, तर अंथरुणावर जाऊन पडले.

मंगळवारी वर्गात गेले तर ते आधीच येऊन बसलेले. म्हणाले, "मॅडम, माह्यं एक वाक्य राह्यलं." आपले बाबा मला मॅडम म्हणाले, दादा. फळ्यापाशी जाऊन त्यांनी त्यांच्या तिरप्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं: मी माझ्या मुलाच्या बायकोला माझी मुलगी म्हणून स्वीकारतो. मग पोरांकडे वळले.

"हे लिहायले मले लय वर्षं लागली. तुमी एवढा उशीर करू नका."

मग त्यांनी राजाचं सगळं भाषण वाचलं. भाग्यलक्ष्मीनं तिचं काम एकही शब्द न चुकता केलं. मी खिडकीपाशी उभी राहून दोघांना ऐकत होते. आपल्या घरात इंग्रजी शिकवणारी मी पहिली, याचा मला अभिमान होताच. पण त्या दिवशी बापाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच कशाचा वाटला नव्हता.

हे तुला कळवायला त्यांनी सांगितलेलं नाही. फोन लावून देते म्हटलं, तर म्हणाले, "फोनवर नाई. लग्नाले मी गेलो नाई, तं आता मीच गेलो पायजे."

येत्या शनिवारच्या गाडीने आई-बाबा तुमच्याकडे पुण्याला निघताहेत. आई वहिनीसाठी जवसाची चटणी कुटते आहे. तिला तिखट चालतं का, हे आमच्यात कोणालाच माहीत नाही. तू विचारून कळव.

दार तू उघडशील या भरवशावर,

तुझी बहीण
प्रीती