लातूरची गाडी कवा येती?

२ डिसेंबर, सोमवार

आणली एकदाची! पिऊला घेऊन लातूरहून आत्ताच आले. आनंदराजची, माझ्या धाकट्या भावाची पोर. नाव बुद्धप्रिया, वय चार, वजन चिमणीएवढं. परवा हिच्या आईचा, लुंबिनीवहिनीचा, फोन आला होता, अगदी कुजबुजत — "ताई, थोडे दिवस घेऊन जावा हिला. माझ्यानं अडवणं होईना." काय अडवायचं ते मी विचारलं नाही.

आंघोळ घालताना पाठीवर दिसलं. पट्ट्याचे वळ. काही जुने, एक ताजा. मी तांब्या तसाच धरून बसले. मग पाण्यात हात घातला तर पाणी चांगलंच कढत! आणि या पोरीनं दोन तांबे अंगावर घेतले तरी हूं की चूं केलं नाही. "अगं, भाजत नाही का?" म्हटलं. नुसती मान हलवली, नाही म्हणून.

आईला वळ दाखवले. ती चष्मा काढून पदरानं पुसत बसली. "आनंदाचा राग वाईट हाय. पर बाप हाय तिचा."

५ डिसेंबर

सगळी गल्ली म्हणते, किती गुणाची पोर! बस म्हटलं की बसते. खा म्हटलं की खाते. हट्ट नाही, रडणं नाही. आई खूष.

मघाशी फळीवरचा डबा काढायला मी हात वर केला. पिऊ डोकं दोन्ही हातांत लपवून भिंतीला चिकटली. डब्यात मुरमुरे होते गं बाई! मुरमुरे!

७ डिसेंबर

पहाटे अंथरूण ओलं. त्यावर स्वतःचा फ्रॉक पसरून ही ताठ बसलेली. मला बघून म्हणाली, "चुकलं." या घरातला तिचा पहिला शब्द.

१० डिसेंबर

आजपासून तिला माझ्याबरोबर स्टँडवर नेते. आई दिवसभर "तुझे पप्पा लई चांगले हायत" असं घोकून घेते, ते मला ऐकवत नाही. आगारप्रमुखांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. भला माणूस.

निलंग्याच्या या चौकशीच्या खिडकीत मी इतकी वर्षं बसते, गाड्या पुकारते. पण आज सगळं वेगळंच वाटत होतं. गजांमधून कोवळं ऊन फरशीवर उतरलेलं, त्यात पिऊ बसलेली. बाहेर धुळीतून एकेक लाल गाडी हळूच वर येत होती, जणू धूळच तिला घडवून पाठवते आहे. मी माईकवर म्हणायची — औराद, कासार सिरसी, किल्लारी, औसा. पिऊचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ.

आता ती झोपली आहे आणि झोपेत पुटपुटते आहे — किल्लारी... औसा... उदगीर... देगलूर... माझेही डोळे मिटायला लागलेत. वाटतं, या गावांना रस्ते नाहीतच. ती हिच्या ओठांवरच वसलेली आहेत.

१४ डिसेंबर

पिऊ बोलली! चक्क एक अख्खं वाक्य! "आत्या, लातूरची गाडी कवा येती?" मी आनंदानं सगळ्या वेळा सांगून टाकल्या, अगदी जलद-साधीसकट. मग दिवसभर तेच. गाडी यायची वेळ झाली की विचारणार, आणि मग माझ्या टेबलाखाली जुन्या पाट्यांच्या आडोशाला शिरून घर-घर खेळणार. शहाणी!

आईला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "बघ. बापाची याद यायलीय लेकराला." मला थोडं लागलं. खरंच लिहिते, हेवा वाटला. मी तेल लावते, मी वेणी घालते, आणि वाट कुणाची बघायची तर त्याची.

१८ डिसेंबर

डॉक्टरांकडे नेलं. वजन कमी, बोलणंही वयाच्या मानानं मागं. आजार काहीच नाही म्हणाल्या. "सतत भीत राहिलेलं लेकरू सगळी ताकद सावध राहण्यातच घालवतं. मग वाढायला काय उरणार?" औषध विचारलं. "रोज तीच माणसं, तेच घर, तेच जेवण. आणि हात उगारायचा नाही, कुणीच."

एवढंच? मला वाटलं होतं एखादी बाटली देतील.

२२ डिसेंबर

नांदेडच्या गाडीचे ड्रायव्हर सलीमभाई मूळचे अर्धापूरचे. येताना घरच्या केळीची फणी घेऊन आले. "खा बेटा, बिलकुल लाजू नक्को." पिऊनं एक खाल्लं. बाकीची कुठं गेली कळेना. संध्याकाळी आईच्या उशाखाली, माझ्या पिशवीत, चपलांच्या मागं, सगळीकडं केळीच केळी! आई रागावणार होती, मी डोळे वटारले. मग दोघी हसलो. सगळी गोळा करून एका परडीत घातली, परडी पिऊच्या हाताला येईल अशी ठेवली. "ही तुझी. संपली की परत भरायची." ती बराच वेळ परडीकडंच बघत होती.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

आज सणाचं जेवण शेतातच, म्हणून आमचे कंडक्टर गुंडप्पा यांच्या शेतात गेलो. अर्धा डेपो तिथंच. कडब्याची खोप, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली थंडगार आंबील. हरभरा फुलावर, ज्वारी पिऊच्या डोक्याच्या किती तरी वर. जेवून सगळे जिथल्या तिथं आडवे झाले. आंबील अशीच, माणसाला वितळवते.

डोळा लागला. जागी झाले तर शेजारी पिऊ नाही! उठून बघते तर ज्वारीच्या दोन ओळींमध्ये ती एकटीच चालली आहे, धाटांवर हात फिरवत, प्रत्येकाला नाव देत — "तू औसा. तू किल्लारी. तू कासार सिरसी." वारा आला की सगळी गावं डुलायची. आणि ती हसत होती! मोठ्यानं नाही, स्वतःशीच. मी हाक मारली नाही. ते हिरवं, ते ऊन, तो एवढासा आवाज... मला अजून खात्री नाही की मी तेव्हा जागी होते.

३ जानेवारी

अंथरूण आठवडाभर कोरडं. गालांवर थोडं मांस आलंय.

आईनं हौसेनं आनंदराजला फोनवर सांगितलं, पोरगी लई सुधारली म्हणून. झालं! तो म्हणाला, मग रविवारी, बारा तारखेला आणून सोडा. मला फोन दिला. "ताई, मला काय राक्षस समजतेस का तू? माझी लेक हाय." आवाज रडवेला होता. आता तो मारणार नाही असं म्हणतो. आई म्हणते, शब्द दिलाय त्यानं.

आणि पोर तर रोज लातूरची गाडी विचारते. तिच्याच मनात असेल तर मी कोण अडवणारी? बॅग भरायला काढली. दोनदा भरली, दोनदा रिकामी केली.

८ जानेवारी



दुपारी पिऊनं विचारलं, लातूरची गाडी कवा येती. मी हसून म्हटलं, "येतेय आता. रविवारी तीच गाडी पकडून आपण पप्पांकडं जायचं हं!" वाटलं, उड्या मारेल.

ती उभी राहिली. चप्पल घातली. चौकशीच्या खोलीतून बाहेर पडून फलाटावर गेली आणि नुकत्याच लागलेल्या लातूरच्या गाडीच्या दाराशी, माणसांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आजच. सांगितलं ना, मग जायचं. मी पळत मागं गेले तर तिच्या पायांवरून धार खाली चाललेली. रांग पुढं सरकली तशी तीही सरकली.

उचलून आत आणली. पाय पुसले. माईकवर कोण काय पुकारत होतं देव जाणे. मी विचारलं, "मग रोज गाडी कशाला विचारत होतीस गं?"

"पप्पा उतरले का बघाया."

घर-घर नव्हतं ते टेबलाखाली. लपत होती! आणि मी गाढवीण तिला वेळा पाठ करून देत होते.

९ जानेवारी

आईला स्पष्ट सांगितलं, पाठवणार नाही. बालकल्याण समितीत जाईन, सख्ख्या भावाविरुद्ध लिहून देईन. आई उसळली. "माझ्या घरात माझ्याच लेकाचं लेकरू कोंडून ठेवतीस? रविवारी मी सोता नेऊन सोडते. माझ्या नातीला कोण अडवतंय बघू!"

तिचं चुकत नाही, घर तिच्याच नावावर आहे. पिऊही तिचं ऐकेल. ती सगळ्यांचंच ऐकते, हेच तर.

१० जानेवारी

आई जेवली नाही. मीही नाही. वहिनीचा फोन — "पाठवू नका ताई." एवढंच, आणि कट.

११ जानेवारी, शनिवार

दुपारी आई सूप घेऊन ज्वारी निवडत होती, पिऊ शेजारी खडे वेचत. मी दाराशी. पिऊनं सहजच विचारलं, "आजी, पप्पा ल्हान होते तवा त्यांना कोण मारायचं?"

सूप थांबलं. आईनं ज्वारीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुझा आजोबा. अन् मी आतून कडी लावून बसायची."

मी तेव्हा वसतिगृहात होते. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आईनं स्वतः फोन लावला. "आनंदा, पोरगी उद्या यायची न्हाई. तू ये. एकलाच ये, माझ्यापाशी." बोलणं संपलं, तरी फोन दोघांनीही ठेवला नाही.