तिसऱ्या बाकावरची पर्स

प्रिय धाकट्या,

समोरासमोर बोलायला गेलं की आपण दोघंही शिंगं रोखतो, म्हणून लिहिते. रविवारी तू चर्चमध्ये आलास. प्रार्थनेत माझे डोळे मिटलेले होते, तरी खोकल्यावरून ओळखलं मी. शिवणयंत्रावर वाकून आखडलेली मान गर्रकन वळली.

युनियनमध्ये गेलास तेव्हा म्हणाला होतास, तुमचा देव मालकाशेजारी बसतो. तेव्हापासून तू उपासनेला आला नाहीस, आणि तिसऱ्या बाकावर माझ्याशेजारी मी पर्स ठेवत आले. कुणी सरका म्हटलं की सांगायचं, तो येतोय. बायका म्हणायच्या, “पर्सला बाप्तिस्मा देऊन टाका आता!” हसण्यावारी नेलं, पण पर्स हलवली नाही.

आणि तुला आणलं कुणी? नव्या पाळकबाईंनी! संप झाला, मालकानं धुलाई कारखान्याला टाळं लावलं, बाईंनी संपवाल्यांना चर्चचं सभागृह उघडून दिलं, नि त्यांच्यामागे तू आलास. मी इतकी वर्षं गुडघे झिजवले, त्यांनी एक किल्ली फिरवली. पोटात दुखलं रे, खोटं कशाला बोलू? उपदेशात बाई म्हणाल्या, न्यायासाठी उभं राहणं हीसुद्धा उपासनाच. तू मान डोलावलीस. अरे, लहानपणी नवाकोरा स्वेटर पहारेकऱ्याच्या मुलीला देऊन कुडकुडत घरी आलास, ते कुणाच्या मांडीवर प्रार्थना शिकून? तेव्हा बाई जन्मल्या तरी होत्या का?

मी पर्स उचलून तुला खुणावलं. तू आलास, धुलाईतल्या एका गरोदर बाईला तिथं बसवलंस, “आई, देवाच्या घरात राखीव जागा कसली?” असं पुटपुटलास आणि मागच्या बाकावर गेलास. तिळपापड झाला माझा. ती मात्र प्रार्थनेत माझा हात धरून बसली. सोड्यानं सोलवटलेला तळवा. हळूच म्हणाली, “स्वेटरवाली आई तुम्हीच ना? द्यायला आईनं शिकवलं, असं प्रत्येक सभेत सांगतात ते.”

प्रत्येक सभेत! साऱ्या गावाला सांगितलंस, मला सोडून. आता त्या संपवाल्यांवरही जळू का मी?

देव कुणाशेजारी बसतो यावर आपण किती भांडलो! रविवारी एवढी गर्दी होती, तो बहुधा उभाच असेल. तिसरा बाक आता त्या गरोदर बाईचा, तिला टेकायला भिंत जवळ आहे. येत्या रविवारी मागे तुझ्याशेजारी माझ्यासाठी जागा धर. तुझ्या तत्त्वात बसत नसेल, तरी धर. पत्रासोबत पर्स पाठवते आहे. रिकामी आहे, उगाच चाचपू नकोस.

तुझीच, पाळकबाईंच्या कितीतरी आधीपासूनची,
आई