आधी खेळ, मग डबा

प्रिय भाऊजी,

फोनवर तुम्ही दर वेळी एकच विचारता, सामान किती बांधून झालं, आणि मी दर वेळी होतंय-होतंय म्हणून फोन ताईच्या हातात देतो. म्हटलं, आता लिहूनच कळवावं. बोलायला लागलो की मी कुठल्या कुठे जातो आणि तुम्ही 'भिंगरी, मुद्द्यावर ये' म्हणता. कागदावर निदान तुम्हाला मला मध्येच तोडता यायचं नाही. तर मुद्दा असा, की सामान बांधून झालेलं नाही. कपाटं भरलेलीच आहेत, घड्याळ भिंतीवरच आहे आणि तुम्ही दुकानातून आणायला लावलेली पुठ्ठ्याची खोकी सगळी संपली. ती कशात संपली ते सांगतो, पण त्यासाठी आधी ताई शिकवते त्या तिसरीच्या वर्गात जावं लागेल.

तुम्हाला तिकडे कायमची नोकरी लागली, तीन खोल्यांचं घर मिळालं, आणि हे सत्र संपलं की ताईने शाळा सोडून तिकडे यायचं, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. त्यात मी बोलणारा कोण? मी स्वतःची शाळा सोडली तेव्हा कुणालाही विचारलं नव्हतं. मंडपवाल्याकडे खांब रोवले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, एका खानावळीत महिनाभर नुसते कांदे सोलले. पायाला भिंगरी आहे म्हणून घरात नावच भिंगरी पडलं. तेव्हा तुम्ही मला सामान बांधायला आणि टेम्पोबरोबर यायला सांगितलंत, ते काम माझ्या लायकीचंच होतं. मला वाटलं, चार दिवसांत उरकून पुढे निघेन. समुद्राकाठच्या एका गावात होड्या रंगवायचं काम आहे म्हणे. पण ते असू दे.

मी आलो तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या फरशीवर भलामोठा कागद पसरून बसली होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या मुख्याध्यापिकेने, तिसरीच्या वर्गाला आहार आणि व्यायाम असा प्रकल्प दिला होता, शेवटी पालकांना बोलावून प्रदर्शन. ताई म्हणाली, जाता जाता एवढं तरी नीट करून जाते. मी पाट्या रंगवणारा, म्हणून चित्र माझ्याकडे आलं. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, एका बाजूला भात आणि पाव, दुसऱ्या बाजूला अंडं आणि मासा, शेजारी दुधाचा पेला. माशाला मी पापण्या काढल्या. मागे एका पार्लरची पाटी रंगवताना बायकांचे डोळे काढून काढून हाताला सवय लागलीय, माशाचा डोळा आला तरी हात थांबेना. ताई हसली आणि म्हणाली, असू दे, मासा नटून आलाय.

ताट वर्गात फळ्याशेजारी लागलं. दोन दिवस ताईने त्यावर शिकवलं, आणि तिसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, काल रात्री तुम्ही काय जेवलात त्याचं चित्र काढा. संध्याकाळी ती चित्रांचा गठ्ठा घरी घेऊन आली आणि एकेक फरशीवर मांडत गेली. मी बघत होतो. पहिल्या ताटात अंडं, मासा, गाजर, दुधाचा पेला. दुसऱ्या ताटातही तेच. तिसऱ्यातही. भाऊजी, झाडून सगळ्या वर्गाने माझंच ताट काढलं होतं, आणि प्रत्येक माशाला पापण्या. ज्यांच्या घरी मासा शिवतसुद्धा नाहीत, त्यांच्याही. मी इतका हसलो की शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून काय झालं म्हणून विचारलं.

ताई हसली नाही. ती त्या चित्रांच्या मधोमध तशीच बसून राहिली. मग म्हणाली, त्यांना वाटलं मी परीक्षा घेतेय, म्हणून त्यांनी बरोबर उत्तर लिहिलं. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की, पाठ तर झालं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप चहा ठेवायला उठलो. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. तिची आई कापडाच्या गिरणीत दुसऱ्या पाळीला जाते, त्यामुळे रात्री घरात चिमणी आणि तिची म्हातारी आजी. सर्वांत भरगच्च ताट चिमणीचं होतं. फळांना बाजूला जागा उरली नाही म्हणून तिने ती ताटाच्या वर हवेत काढली होती. ताईने तेवढं एक चित्र उचलून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, हिला मी खोटं बोलायला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ती चित्रं पाहिली आणि त्या एकदम खूश. सगळी भिंतीला लावा, प्रदर्शन तयार झालं म्हणाल्या. त्यांनाही दोष देता येत नाही. पालकांना सारखी, स्वच्छ, रांगेतली चित्रं आवडतात, आणि ताई जाणार म्हटल्यावर त्यांनाही नव्या शिक्षिकेची घाई. दुसरी कोणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. जायचंच आहे, कशाला डोकं पिकवा. ताईने भिंतीवरचं ताट उतरवलं, नीट गुंडाळलं, मला परत दिलं आणि बाईंना म्हणाली की मला थोडे दिवस द्या, मी पुन्हा पहिल्यापासून करते.

मग तिने जे केलं ते मला फार आवडलं. तिने काहीच केलं नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या पायरीवर बसून नुसती बघत राहिली, आणि मला कचऱ्याच्या पिंपाशेजारी बसवलं. म्हणाली, तू भटक्या माणूस आहेस, तुला कुठेही बसायची लाज नाही, कोण काय टाकतं एवढं बघ. मी बसलो. भाऊजी, त्या पिंपात काय काय येत होतं! एकदाच चावलेली केळी, न सोललेली उकडलेली अंडी, अख्ख्या डब्याची भाजी. मी खानावळीत काम केलंय, पोट भरलेल्या माणसाचं उष्टं मला ओळखू येतं. हे तसलं नव्हतं. मुलं भुकेली होती, पण एक पाय मैदानाकडे टाकूनच डबा उघडत होती. दोन घास कोंबायचे, उरलेलं पिंपात आणि धूम. चिमणी तर डबा उघडतच नव्हती. ती कोपऱ्यात झाकणावर बोटांनी ताल धरून बसायची आणि सगळे पळाले की मागून जायची. डब्यात काय आहे ते कुणी बघू नये, एवढंच तिचं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा ताईने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. म्हणाली, आपण त्यांना सांगतोय नीट खा आणि खूप खेळा, आणि दोन्हींना एकच सुट्टी देऊन त्यांचं भांडण लावून दिलंय. खाणं दर वेळी हरतं. तिथून तिचं डोकं असं चाललं की मी नुसता कांद्याचं साल हातात धरून ऐकत राहिलो. प्रकल्प ताटापासून सुरू करायचाच नाही, पायांपासून करायचा. आधी खेळ, मग डबा. घाम आला, धाप लागली, की भूक आपोआप बोलायला लागते, मग तिच्याशी बोलता येतं. आणि प्रत्येकाने एक अशी गोष्ट निवडायची जी आत्ता जमत नाही पण जमायला हवीय. कुणाला आडव्या दांडीला लोंबकळायचंय, कुणाला पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या न थांबता चढायच्यात. चिमणीला शाळेमागच्या ओहोळावरून उडी मारायची आहे. हाडांना काय लागतं, दम कशाने टिकतो, हे सगळं त्या उडीच्या मागून येणार. मी वर्गात असताना मला कुणी असं शिकवलं असतं तर मी कदाचित, जाऊ दे, मी तरीही पळालोच असतो, पण जरा उशिरा.

मोठ्या बाई आधी नाहीच म्हणाल्या. घंटा सगळ्या शाळेची एक, एका वर्गासाठी वेगळी कशी वाजवणार? ताई वाद घालत बसली नाही. तिने बाईंना पिंपाशी नेलं आणि झाकण उघडून दाखवलं. बाईंनी आत वाकून पाहिलं, झाकण स्वतःच लावलं आणि म्हणाल्या, फक्त तुमच्या वर्गापुरतं, आणि आवाज नको. शिपाईमामांनी मधल्या सुट्टीच्या थोडं आधी, मुलांना खेळायला सोडण्यासाठी, घंटेऐवजी वर्गाच्या दारावर टकटक करायचं कबूल केलं. शाळेत खेळाचं सामान म्हणाल तर एक फुसका चेंडू. तेव्हा खोकी गेली, भाऊजी. त्यांचे बोगदे झाले, उड्या मारायच्या भिंती झाल्या, एकात तर मुलं बसून एकमेकांना ढकलतात. तुमच्या पुस्तकांचं म्हणून घेतलेलं मोठं खोकं दुसऱ्याच दिवशी फाटलं. त्याबद्दल माफी मागत नाही, फार चांगल्या कारणासाठी फाटलं.

आता मला जे मुख्य सांगायचं होतं ते. पहिल्यांदा खेळून आल्यावर सगळी मुलं लालबुंद होऊन वर्गात बसली, डबे समोर, तरी बरेच हात झाकणांवर. मी मागच्या खिडकीत एका बोगद्याला चिकटपट्टी लावत होतो. ताईने फळ्यावर एक कप काढला आणि शेजारी दोन बिस्किटं. माझ्यासारखं चांगलं नाही, वेडंवाकडंच. आणि मुलांना म्हणाली, "तुमचे हे मामा राहायला यायच्या आधी मी रात्री हेच जेवायचे. एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटायची नाही." मग एक मुलगा म्हणाला की रोज नाही ना जेवायचात, आणि ताई म्हणाली, पुष्कळ वेळा. त्यावर त्या मुलाने मोठ्या माणसासारखी मान हलवून सांगितलं की बाई, असं करू नये, दम टिकत नाही. सगळे हसले, ताईही हसली. आणि मग चिमणीने झाकण उघडलं. सुका पाव होता आणि थोडं मीठ. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण बाईंच्या बिस्किटांपुढे पाव बराच म्हणायचा. तिच्या शेजारणीने न विचारताच अर्धं अंडं तिच्या डब्यात ठेवलं आणि चिमणीने पावाचा तुकडा मोडून तिला दिला. ताई तेव्हा फळा पुसत होती, बराच वेळ पुसत होती, पुसून झालेला असतानासुद्धा.

आता पिंपात केळी दिसत नाहीत. चौथीच्या बाई विचारून गेल्या की आम्हीही सुट्टी उलटी करू का. मोठ्या बाई स्वतः काल दारावर टकटक करायला आल्या होत्या, शिपाईमामा रजेवर म्हणून, असं त्या म्हणाल्या. मामा तर मागे झाडू मारत होते. चिमणीची उडी अजून झालेली नाही, ओहोळाच्या काठापर्यंत धावत येते आणि थांबते. ताई म्हणते, पुढच्या पावसाच्या आत जमेल. म्हणून झालं की तिला आठवतं, पावसाच्या आधीच आपण इथे नसणार, आणि ती एकदम दुसरंच काहीतरी बोलायला लागते. प्रदर्शनात ताटांची रांग लावायची नाही असं ठरलंय. पालकांना आधी मैदानावर पळवायचं, आणि मग मुलांशेजारी बसवून डबा खायला लावायचा. त्याची तयारी करताना ती चालत नाही, भाऊजी, तरंगते. मी इतकी गावं फिरलो, स्वतःच्या कामात इतकं गढलेलं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि ते आमच्याच घरात निघालं याचं मला अजून नवल वाटतं.

त्या बिस्किटांचं तुम्हाला माहीत नसेल. रोज फोनवर ती तुम्हाला काय काय स्वयंपाक केला ते सांगायची, मला ठाऊक आहे. तिला तुमची आठवण येते, फार येते, आणि तिला शाळाही सोडवत नाही, आणि यातलं एकही ती तुम्हाला सांगत नाही, कारण ठरलेलं मोडायचं नाही हा तिचा स्वभाव. वर्गभर मुलांना झाकणं उघडायला शिकवणारी बाई तुमच्यापुढे झाकण लावून बसलीय. तुम्ही 'ये' म्हणालात तर ती हसत येईल आणि तुम्हाला जन्मात कळू देणार नाही. म्हणून हे पत्र. आज सकाळी तुम्ही सामान पुढे न्यायला ठरवलेला टेम्पोवाला दारात आला, ती शाळेत होती. मी त्याला परत पाठवला. तिला मी सांगितलंय की तुमचाच निरोप आला होता, आणखी एक वर्ष इथेच राहा म्हणालात, शनिवार-रविवार तुम्ही येत जाल. ती दप्तर खाली न ठेवताच खुर्चीत बसली आणि मग तोंड धुवायला आत गेली. ते खोटं मी तुमच्या नावावर बोललोय, भाऊजी, ते खरं करणं आता तुमच्या हातात आहे. शनिवारी या. होड्या रंगवायला मी जात नाही. तुमचं काही ठरेपर्यंत रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे, तेवढं मला येतं. तुम्ही आलात की हवं तेवढं रागवा, पण तिच्यासमोर एवढंच म्हणा, की हो, निरोप मीच दिला होता.

तुमचाच, सध्या एका जागी बसलेला,
भिंगरी